हाताशी कुठली बटणं ठेवायची?

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की, एक्सेलच्या वरच्या कोपऱ्यातली बारीक पट्टी (क्विक अ‍ॅक्सेस टूलबार) आपल्या कामाप्रमाणे लावून घेता येते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर मी त्या पट्टीलाच देऊन टाकलं आहे. नवीन वाचकांसाठी सांगते : मी एका पतसंस्थेत चौतीस वर्षं हिशेब लिहिले. निम्मा काळ रोजकीर्द आणि खतावणी हाताने, उरलेला संगणकावर. संगणकशास्त्र मी शिकलेले नाही. आकडे जुळवणं तेवढं शिकले आहे.

ताई, मी गावच्या दूध संस्थेचा सचिव आहे. दर दहा दिवसांनी दोनशेवर उत्पादकांची बिलं काढतो. दर वेळी तीच कामं : बेरीज, सरासरी फॅट, रुपयात पूर्णांक करणं, शेवटी फॉर्म्युले काढून नुसते आकडे ठेवणं. प्रत्येक कामाला माऊस तीन ठिकाणी फिरवावा लागतो. पट्टी कशी लावू आणि तिच्यात काय ठेवू?
— सचिव, कराड तालुका

पहिले दहा दिवस काहीच ठेवू नका. कीबोर्डशेजारी एक पाठकोरा कागद ठेवा आणि एखादी गोष्ट मेन्यूत शोधावी लागली की तिच्या नावापुढे एक रेघ ओढा. बिलं निघाली की रेघा मोजा. मी हे केलं तेव्हा मला वाटत होतं, बेरीज पहिली येणार. आली 'पेस्ट व्हॅल्यूज', म्हणजे फॉर्म्युला टाकून फक्त आकडा चिकटवणं. बेरीज दुसरी. आणि ज्या आलेखाच्या बटणाला मी हौसेने पहिली जागा दिली होती, त्याच्यापुढे एकही रेघ नव्हती.

आता लावायचं कसं. रिबनवर, म्हणजे खिडकीच्या माथ्यावरच्या बटणांच्या रुंद पट्ट्यावर, जे बटण दिसतं आहे त्यावर माऊसचं उजवं बटण दाबा, 'अ‍ॅड टू क्विक अ‍ॅक्सेस टूलबार' निवडा, झालं. जे दिसत नाही त्यासाठी 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'क्विक अ‍ॅक्सेस टूलबार'. तिथे डावीकडे यादी असते, तिच्या माथ्यावर 'पॉप्युलर कमांड्स' लिहिलेलं असतं. ते बदलून 'ऑल कमांड्स' करा. यादी लांबलचक आहे, पण इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली आहे. 'पेस्ट व्हॅल्यूज' तिथे सापडेल. मधल्या 'अ‍ॅड'ने उजवीकडे न्या. त्याच खिडकीत पट्टी रिबनच्या खाली आणायची सोय आहे, ती जरूर वापरा. वर कोपऱ्यात माऊस न्यायचा असेल तर एवढा खटाटोप केला कशाला? नव्या आवृत्तीत पट्टी मुळात दिसतच नसेल तर घाबरू नका. रिबनवर उजवं बटण दाबलं की ती दाखवायचा पर्याय येतो.

क्रमाला महत्त्व आहे. 'ऑल्ट' की दाबली की पट्टीवरच्या बटणांवर आकडे उमटतात : पहिल्यावर १, दुसऱ्यावर २, असे ९ पर्यंत. म्हणजे 'पेस्ट व्हॅल्यूज' पहिलं ठेवलंत तर 'ऑल्ट' आणि १ एवढ्यात काम. (आकडा वरच्या ओळीतला दाबा. 'ऑल्ट' धरून उजवीकडच्या नंबरपॅडवरचा दाबलात तर सेलमध्ये भलतंच चिन्ह उमटतं.) नऊच्या पुढच्या बटणांना दोन-दोन की दाबाव्या लागतात. म्हणून माझा नियम नऊच बटणांचा. बेरजेला तर त्यातली जागाही देऊ नका. 'ऑल्ट' आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबलं की ऑटोसम होतं.

एवढ्यावर तुमच्या प्रश्नाचं उत्तर संपलं असतं, पण 'सरासरी फॅट' वाचून मी थबकले. ऑटोसमच्या बाणाखाली 'अ‍ॅव्हरेज' आहे आणि तुम्ही तेच पट्टीवर आणणार, बरोबर? समजा एका उत्पादकाचं सकाळचं दूध ८ लिटर, फॅट ३.५. संध्याकाळचं २ लिटर, फॅट ४.५. 'अ‍ॅव्हरेज' सांगेल ४.०. पण आठ लिटर आणि दोन लिटर यांना सारखं वजन कसं देता येईल? ८ × ३.५ म्हणजे २८, २ × ४.५ म्हणजे ९, मिळून ३७. त्याला १० लिटरने भागलं की ३.७. बिल प्रत्येक वेळच्या फॅटवर निघत असेल तर उत्पादकाचं नुकसान होणार नाही, हे खरं. पण महिन्याच्या अहवालात तुम्ही ४.० लिहाल आणि वर टँकरचं फॅट ३.७ लागेल. मग पाणी कुणी घातलं याचा शोध सुरू होईल. यासाठी 'समप्रॉडक्ट' नावाचं फंक्शन आहे : त्याला लिटरचा कॉलम आणि फॅटचा कॉलम द्या आणि उत्तराला एकूण लिटरने भागा. तयार बटण नाही, ते बरंच आहे. एकदा फॉर्म्युला लिहून ठेवा, दर दहा दिवसांनी आकडे बदला.

पूर्णांकाचंही तसंच. दशांश कमी करायचं बटण रिबनवर आहे, पुष्कळ लोक तेच पूर्णांक करायला वापरतात. ते आकडा बदलत नाही, फक्त झाकतं. १०.४० चे तीन आकडे घ्या, ते बटण दाबा. डोळ्यांना १०, १०, १० दिसतात आणि खाली बेरीज ३१. उत्पादक बिल घेऊन खिडकीशी आला की त्याला काय सांगणार? फॉर्म्युल्यातच 'राउंड' घाला, म्हणजे जे दिसतं तेच असतं. आमच्याकडे एका नव्या मुलाने व्याजाच्या तक्त्यात दशांश असेच झाकले होते आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा, दोन रुपयांनी जुळेना. दोन रुपये स्वतःच्या खिशातून भरायला तो तयार होता! त्याला सांगितलं, बाबा, खिशातून भरलेल्या दोन रुपयांची नोंद कुठे करशील?

मॅडम, माझं हार्डवेअरचं दुकान आहे. बहुतेक माल १८ टक्क्यांचा. कॉलममध्ये १८ लिहून टक्क्याचं बटण दाबलं की १८०० टक्के होतात. आणि जीएसटीसकट किमतीतून कर वेगळा काढायचं एखादं बटण पट्टीवर ठेवता येईल का?
— एक दुकानदार, मडगाव

१८०० होतात कारण टक्के म्हणजे शंभरावा भाग आणि तुमचा १८ आधीच लिहून झालेला. एकतर १८ नंतर टक्क्याचं चिन्ह स्वतः टाइप करा, नाहीतर रिकाम्या सेलना आधी टक्क्याचं रूप देऊन मग १८ लिहा.

कर वेगळा काढताना मात्र टक्क्याच्या बटणाच्या नादी लागू नका. करासकट किंमत १,१८० असेल तर तिचे १८ टक्के २१२.४० होतात, पण खरा कर १८०. मूळ किंमत १,००० होती आणि कर त्या हजारावर आहे. १,१८० ला १.१८ ने भागायचं. राज्यातल्या राज्यात विकलं तर १८० चे दोन भाग, ९० केंद्राचे आणि ९० राज्याचे.

यासाठी तुमच्या पट्टीवर 'पेस्ट स्पेशल' आणा. बाजूच्या रिकाम्या सेलमध्ये १.१८ लिहा, तो सेल कॉपी करा, किमतींचा कॉलम निवडा, 'पेस्ट स्पेशल' उघडून त्यात 'डिव्हाइड' निवडा. दोनशे किमती एका फटक्यात करावाचून होतात. त्या जुन्या किमतींच्या जागीच बसतात, म्हणून आधी कॉलमची एक प्रत शेजारी करून ठेवा. आणि १,००० ला भागलंत तर ८४७.४५७६ असं काहीतरी लांबलचक येईल. तिथे 'राउंड' घालायचं, वर दूध संस्थेला सांगितलं आहे तेच तुम्हालाही.

काकू, मी बी.कॉम. झाल्यावर एका सीएंच्या ऑफिसात लागले. मॅक्रो, म्हणजे नेहमीच्या कामांची साखळी, रेकॉर्ड करून त्याचं बटण पट्टीवर ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात कॉम्प्युटर फॉरमॅट केला आणि सगळं गेलं. सरांनी विचारलं, बॅकअप का नव्हता. पट्टीचाही बॅकअप असतो?
— एक वाचक, सोलापूर

असतो गं. आणि तुझ्यावर जे आलं ते माझ्यावर दोनदा आलं आहे.

पहिल्यांदा एक्सेल २००७ आलं तेव्हा. त्याच्याआधी, २००३ च्या आवृत्तीत, 'ऑल्ट' धरून बटण ओढलं की कुठेही नेता यायचं. बटणावरचं चित्रसुद्धा सोळा बाय सोळा चौकटींत ठिपक्याठिपक्याने स्वतः काढता यायचं. रुपयाचं नवं चिन्ह २०१० साली आलं. त्याआधी मी जेवणाच्या सुट्टीत बसून एका बटणावर 'रु' काढला होता आणि तो दिसतही बरा होता. २००७ मध्ये मेन्यू आणि टूलबार जाऊन रिबन आली. माझा 'रु' गेला. आता मॅक्रोच्या बटणाला तयार चित्रांतलंच एक निवडावं लागतं. तेवढा राग माझा अजून गेलेला नाही.

दुसऱ्यांदा तुझ्यासारखंच, मशीन फॉरमॅट. मार्चअखेरीला. तेव्हा कळलं की यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टीची मांडणी एक आणि मॅक्रो दुसरी. पट्टीसाठी, जिथे बटणं लावतेस त्याच खिडकीत तळाशी 'इम्पोर्ट एक्सपोर्ट' आहे. 'एक्सपोर्ट' केलंस की एक छोटी फाइल मिळते, ती पेनड्राइव्हवर ठेव. नव्या मशीनवर 'इम्पोर्ट' कर. जपून मात्र : इम्पोर्ट केलं की तिथली आधीची मांडणी पुसली जाते. सरांच्या मशीनवर त्यांना न विचारता करू नकोस.

पण त्या फाइलीत मॅक्रो जात नाही. बटण येईल, दाबलंस की मॅक्रो सापडत नाही म्हणेल. मॅक्रो रेकॉर्ड करताना 'कुठे ठेवू' असं विचारतात ना, तिथे 'पर्सनल मॅक्रो वर्कबुक' निवड. मग तो 'पर्सनल' नावाच्या एका लपलेल्या फाइलीत जातो आणि एक्सेल उघडताना ती फाइल आपोआप पाठीमागे उघडते. ती 'एक्सेल स्टार्ट'च्या फोल्डरमध्ये असते. फोल्डर सापडत नसेल तर फाइलचं नाव घालून मशीनवर शोध. तिचीही प्रत ठेव. या दोन फाइली असल्या की फॉरमॅट झालेल्या मशीनवर पंधरा मिनिटांत पुन्हा बसता येतं.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी. मॅक्रो चालवल्यावर 'अनडू' चालत नाही. मी एकदा आकडे पूर्णांक करायचा मॅक्रो निवड न तपासता दाबला आणि खाते क्रमांकांचा आख्खा कॉलम त्यात सापडला. आमचे खाते क्रमांक शाखा, बिंदू, खातं असे लिहिलेले होते. बिंदूच्या पुढचं सगळं गेलं. म्हणून मॅक्रोचं बटण 'सेव्ह'च्या शेजारी ठेवायचं नाही. मधे दुसरं काहीतरी निरुपद्रवी ठेव. मी मुद्रणपूर्व चित्र ('प्रिंट प्रिव्ह्यू') दाखवणारं ठेवते.

निकालपत्रक करताना मला वर्गाची सरासरी नुसती पाहायची असते, शीटमध्ये लिहायची नसते. त्यासाठी दर वेळी फॉर्म्युला घालून पुन्हा पुसते. पट्टीवर काही सोय?
— शिक्षिका, वाई

पट्टीची गरजच नाही, बाई. गुणांचा कॉलम निवडा आणि खिडकीच्या अगदी तळाशी पाहा. स्टेटस बारवर सरासरी, संख्या आणि बेरीज आलेली असते. त्या बारवर उजवं बटण दाबलंत तर कमाल आणि किमान यांच्यापुढेही खूण करता येते.

तिथेच 'काउंट' आणि 'न्यूमरिकल काउंट' असे दोन पर्याय आहेत. दोन्ही चालू ठेवा. पहिला भरलेले सगळे सेल मोजतो, दुसरा फक्त आकडे. वर्गात ४५ मुलं, कुणी गैरहजर नाही, आणि काउंट ४५ पण न्यूमरिकल काउंट ४४ आला, तर एका मुलाचे गुण मशीनच्या लेखी शब्द आहेत. कुठूनतरी कॉपी केलेले असतील, पुढे-मागे एखादी रिकामी जागा असेल, किंवा आकडा देवनागरीत टाइप झाला असेल. तो बेरजेत धरला जात नाही आणि कसलीही तक्रार न करता बाहेर बसतो. मी बेरजेआधी या दोन आकड्यांकडेच पाहते.

गैरहजर मुलापुढे 'गैह' लिहा, शून्य नको. शून्य लिहिलंत तर ते सरासरीत धरलं जातं. शब्द सोडून दिला जातो. कुणाला धरायचं हे शाळेने ठरवायचं, पण काय लिहिलं की काय होतं ते ठाऊक असावं.

आमच्या बचत गटाच्या यादीत फिल्टर लावून फक्त थकबाकीदार काढले, तरी खालची बेरीज सगळ्यांचीच येते. का?
— गटाच्या अध्यक्षा, अकोला

कारण ती बेरीज फिल्टर लावायच्या आधी घातलेली आहे. ती पुसा, फिल्टर लागलेला असताना ऑटोसम पुन्हा दाबा. आता एक्सेल आपण होऊन 'सम'ऐवजी 'सबटोटल' घालतं आणि ते गाळलेल्या ओळी सोडतं. मात्र ओळी फिल्टरने न गाळता हाताने लपवल्या असतील, तर हे 'सबटोटल' त्या धरतं. त्याच्या कंसातला पहिला आकडा ९ असतो, तो १०९ केला की लपवलेल्याही सुटतात.

ऑटोसमवर आंधळा विश्वास टाकू नका, हेही सांगते. ते वर बघत जातं आणि रिकामा सेल आला की थांबतं. मधे एका बाईचा हप्ता लिहायचा राहिला असेल तर तिच्या वरच्या सगळ्या बाया बेरजेतून बाहेर. आणि कॉलमच्या डोक्यावर नुसतं २०२५ असं वर्ष लिहिलं असेल तर तेही रक्कम म्हणून आत येतं. तुमच्या गटाकडे अचानक दोन हजार पंचवीस रुपये जास्त दिसले तर आनंद करायच्या आधी डोक्याकडे बघा.

सोसायटीचा हिशेब मी लिबरऑफिसवर ठेवतो, एक्सेल विकत घ्यायची समितीची तयारी नाही. त्यात अशी पट्टी असते का?
— मानद सचिव, डोंबिवली

असते, आणि एका बाबतीत तुमचं बरं आहे. लिबरऑफिस कॅल्कमध्ये जुन्या पद्धतीचे टूलबार अजून आहेत. टूलबारवर उजवं बटण दाबा, 'कस्टमाइज टूलबार' निवडा. खिडकीच्या डाव्या बाजूला कमांडची यादी आणि वर शोधायची जागा आहे, बाणाने उजवीकडे न्यायचं. तिथे 'स्कोप' असं लिहिलेलं दिसेल : मांडणी सगळ्या कॅल्क फाइलींना हवी की फक्त उघडलेल्या फाइलीला. सोसायटीच्या फाइलीपुरती ठेवलीत तर मांडणी फाइलीबरोबर राहते आणि पुढच्या वर्षी नवे सचिव आले की त्यांना आयती मिळते. बेरजेसाठी फॉर्म्युलाच्या ओळीच्या डावीकडे ग्रीक सिग्मा अक्षर आहे, त्याच्यावर दाबलं की बेरीज, सरासरी, कमाल, किमान अशी यादी उघडते.

समितीला माझा नमस्कार सांगा. फुकटच्या वस्तूत काही कमी नाही.

फोनवरच्या एक्सेलमध्ये ही पट्टी का सापडत नाही?
— नाशिक

कारण ती तिथे नाही. दोनशे ओळींचा हिशेब फोनवर करू नये, असं माझं मत आहे. तुमची मर्जी.

मी बँकेतून निवृत्त झालो. आमच्या वेळी एकजण व्हाउचर वाचायचा आणि दुसरा लेजरवर टिक मारायचा. आता घरच्या ट्रस्टचा हिशेब एकटाच टाइप करतो. वाचायला कोणी नाही. चुका राहतात. याला काही उपाय?
— सांगली

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आमच्याकडे मी वाचायची आणि माझ्यासमोरचे भाऊसाहेब टिक मारायचे. प्रत्येक आकड्याला 'बरोबर' म्हणायचे, मोठ्याने. ते गप्प बसले की मला थांबावं लागायचं, कारण गप्प म्हणजे चूक.

एक्सेलमध्ये वाचणारा आहे. रिबनवर नाही, म्हणून कुणाला ठाऊक नसतो. वर सांगितलेल्या खिडकीत 'कमांड्स नॉट इन द रिबन' अशी यादी निवडा, तिच्यात 'स्पीक सेल्स' सापडेल. ते पट्टीवर आणा. आकड्यांचा कॉलम निवडून दाबलं की मशीन एकेक आकडा मोठ्याने वाचतं, तुम्ही व्हाउचरांवर टिक मारत जायचं. शेजारीच 'स्पीक सेल्स ऑन एंटर' आहे. ते चालू ठेवलं की आकडा टाइप करून एंटर मारल्याबरोबर तो वाचून दाखवतं. ५,४०० चे ४,५०० झाले तर कान आधी ओळखतो, डोळा नंतर. आकड्यांची अशी उलटापालट झाली की फरकाला नऊने निःशेष भाग जातो, हे तुम्हाला सांगायला नको. इथेही फरक ९०० आहे. पण तो नियम चूक झाल्यावर कामाचा, हा आवाज चूक होतानाच कामाचा.

आवाज इंग्रजी आहे आणि थोडा घाईचा. विंडोजच्या सेटिंगमधून वेग कमी करता येतो. भारतीय उच्चारांचा आवाजही घालता येतो, त्याचे आकडे आपल्या कानाला लवकर कळतात.

थांबवायचं बटण, 'स्टॉप स्पीकिंग सेल्स', तेही त्याच यादीत आहे आणि ते विसरू नका. पहिल्या दिवशी मी फक्त वाचायचं बटण आणलं होतं. वर्षभराच्या वर्गणीचा कॉलम निवडला होता, आणि दारात कुरिअरवाला आला. मी सही करून, पाकीट फोडून, चहा ठेवून परत आले तरी ते वाचतच होतं. शेवटी स्पीकरची वायर काढली.